मृणालची गाडी घासली तो हिवाळा

वाचणाऱ्याने माफ करावं. माझं अक्षर कोंबडी ओल्या मातीतून चालत गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे हे मला चौथीतही नीट कळलं नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायचं काम पडलं ते सही करण्यापुरतं आणि बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यापुरतं: हळद, मेतकूट, आंबोशी. खरं तर हे वाचायला कोणी नाही, मी माझ्यासाठीच लिहिते आहे. तरी माफी आधीच मागून ठेवते. मागायची राहून गेली की ती किती जड होत जाते, ते मला आता माहीत आहे.

आज सकाळी रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी आली. उजाडलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या काचेवरून नारिंगी दिवा फिरून गेला आणि मागोमाग सरसर असा आवाज आला, सुपात तांदूळ पाखडताना येतो तसा. मी चहाचं आधण ठेवत होते. हात तसाच राहिला, आणि शरम अशी वर चढली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाहेर एवढी थंडी, काचेवर दव गोठलेलं, आणि मी आत उभी राहून भाजत होते.

इथे परदेशात, फेल्डहोवनला, मी दुसऱ्यांदा आले आहे. मुलगा नितीन आणि सून मृणाल इथे नोकरीला आहेत. पहिल्या खेपेला आले तेव्हाही असाच हिवाळा होता, आणि त्या हिवाळ्यात मी मृणालची मोटरसायकल खराब केली. मुद्दाम केली नाही. पण मृणालला ते मुद्दाम वाटलं, आणि तिला तसंच वाटावं असं मी आधी वागले होते. ती तसं अजून मानते का, हे विचारायची हिंमत मला झालेली नाही.

माझ्या माहेरी मीठ सांडलं की आम्हां पोरींच्या पाठीत धपाटा बसायचा. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं आई सांगायची. मी एकदा जमिनीवर आडवी होऊन पापणीने खडा उचलता येतो का ते करून बघितलं होतं. आणि इथे खेमेन्ते, म्हणजे इथली नगरपालिका, गाड्या भरभरून मीठ रस्त्यावर ओतते. शेजारणी आपापल्या पायरीवर मूठमूठ टाकतात. बुटांच्या कडांना पांढऱ्या रेघा येतात, पायपुसण्यावर वाळलेली पावलं उठतात, फरशीवर अनवाणी चाललं की तळव्याला करकर लागतं. पहिले काही दिवस मी ते खडे वेचून मुठीत घ्यायची आणि टाकायचे कुठे ते न कळून तशीच उभी राहायची.

"आई, ते मीठ घाण आहे, फेक ना," नितीन म्हणाला होता. "बर्फ धरू नये म्हणून टाकतात. माणसं घसरत नाहीत."

"आणि गाड्यांचं काय होतं?"

"गाड्या गंजतात. मृणालला विचार, रोज तेच गाणं असतं तिचं."

म्हणजे मला सांगितलेलं होतं. हे मी इथे लिहून ठेवते, कारण नंतर स्वतःची बाजू घेताना मी हे पुष्कळदा गाळलं आहे.

मृणाल नाशिकची. हुशार, कमी बोलणारी. नितीनचं ऑफिस जवळ, तो सायकलने जातो. मृणालचं देन बॉस या शहरात, हमरस्त्याने लांब. रस्ता कोरडा असला की ती मोटरसायकलवर जाते. काळी गाडी, आणि पोटाखालून चांदीसारखे पाइप गेलेले. मी गाडी कशी होती ते आता सांगते आहे, पण तेव्हा मी तिच्याकडे धड बघितलंच नव्हतं. बाईमाणूस असं टांग टाकून बसतंय, हे मला बघवत नसे. ती निघाली की मी सिंककडे तोंड करायची आणि नळ सोडायची. आवाज मात्र यायचा. आधी जाड, मग बारीक होत होत वळणावर संपायचा.

संध्याकाळी ती आली की घरात येत नसे. मागच्या अंगणात लाकडी खोली आहे, तिला इथे स्खूर म्हणतात. तिथे ती आधी गाडीला अंघोळ घालायची. गार पाण्याची बादली, मऊ कापड, तोंडातून वाफ, बोटं लाल झालेली. मग पुसायची. मग एका डब्यातून तेलाचा फवारा मारायची आणि ते तेल पुसायची नाही, तसंच ठेवायची; मला तो कंटाळा वाटायचा. साखळीला ब्रशने वंगण. शेवटी एक पातळ कापडी आच्छादन. मी आतून हाक मारायची, "मृणाल, भाजी गार होतेय."

"आलेच, आई."

येत नसे. नितीनला कधी विचारलं नसेल तेवढं या गाडीला विचारते, असं मी मनात म्हणायची. फक्त मनात. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. लग्नाकार्यातही मी मागच्या खोलीत निवडण-टिपण करत बसते. कोणी काही विचारलं तर "हो" आणि "नाही" एवढंच निघतं.

म्हणून त्या संक्रांतीला मी बोलले याचं माझं मलाच नवल वाटतं.

हळदीकुंकू घरीच होतं. इथल्या मराठी बायका आल्या होत्या, कोणी पैठणीवर जाड कोट घालून, कोणी नऊवारीखाली लोकरीचे मोजे घालून. खोलीत अत्तराचा आणि ओल्या कोटांचा वास मिसळला होता. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. रेवती नावाची एक आहे, मनाने चांगली पण तोंडाला कुलूप नाही. ती मला म्हणाली, "काकू, तुमची मृणाल या थंडीत मोटरसायकलवर जाते? कमाल आहे बाई! मी तर कारमध्येसुद्धा सीट गरम झाल्याशिवाय बसत नाही."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "आमच्याकडे मुलगा सायकलवर आणि सून फटफटीवर. लग्नात मंगळसूत्र चुकीच्या गळ्यात पडलं बहुतेक."

असा हशा उठला की बशा वाजल्या. रेवती तर टाळी द्यायला पुढे आली. माझ्या बोलण्यावर इतकी माणसं जन्मात कधी हसली नव्हती. मला ते गोड लागलं. खरंच गोड लागलं, खोटं कशाला लिहू. म्हणून मी आणखी एक बोलले. "नातवंड झालं तर ओटीत कोणाच्या घालायचं, तेही आताच विचारून ठेवते."

पुन्हा हशा. पण या वेळी तो अर्ध्यावर तुटला, कारण दारात मृणाल तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. ती हसली. एकेकीपुढे ताट धरत गेली, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत गेली. माझ्यापाशी आली, तिळगूळ दिला, वाकून नमस्कार केला. "गोड बोला" मात्र म्हणाली नाही.

तो लाडू मी किती वेळ हातात धरून होते. गूळ बोटांना चिकटला.

आमच्या घरात माफी मागायची रीत नव्हती. कोणी कोणाला "चुकलं" म्हणत नसे. आई माझ्यावर उगाच ओरडली की दुसऱ्या दिवशी माझ्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घालून द्यायची. हे, म्हणजे नितीनचे वडील, कधी टाकून बोलले की संध्याकाळी न सांगता पाण्याचा हंडा भरून ठेवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो भरलेला हंडा मला अजून दिसतो. आणि मी? मी घासते. मनात काही बोचत असलं की मी देवाची भांडी काढते. समया, ताम्हण, घंटा, सगळं चिंचेच्या कोळात मीठ घालून घासते. पितळ लखलखलं की आतून जरा हलकं वाटतं.

हळदीकुंकवानंतर मृणाल ऑफिसच्या कामाला काही दिवस जर्मनीला गेली. गाडी स्खूरमध्ये होती. नितीन कामावर गेला की घर रिकामं. मी किल्ली घेतली आणि पहिल्यांदा त्या गाडीजवळ गेले. आच्छादन काढलं. सगळीकडे तेलकट, मेणचट थर, त्यावर धूळ बसलेली. मला वाटलं, गार पाण्याने बिचारीचा हात चालत नाही, रोज धुऊनही किती मळकी राहिली आहे गाडी. ती आली की चकाकताना बघेल. मग तिला कळेल.

काय कळेल, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

मी आतून कढत पाण्याच्या बादल्या आणल्या. भांड्यांचा साबण घातला. तो सगळा तेलकट थर खरवडून काढला. बोटाखाली करकर आवाज येईपर्यंत घासला, ताट स्वच्छ झालं की येतो तसा. मग ते चांदीसारखे पाइप. गावाहून आणलेली चिंच भिजत घातलीच होती. मीठ टाकलं, घासणी घेतली आणि बसले. पाइप, साखळीच्या बाजूच्या पट्ट्या, चाकाच्या तारा, चकाकेल असं जे दिसेल ते. माझ्या डोक्यात ते रस्त्यावरचं मीठ आणि माझ्या बरणीतलं मीठ ही दोन वेगळी होती. ते घाण, हे स्वयंपाकाचं. मिठाने खराब होतं ते रस्त्यावरच्या, असं कुठेतरी धरून चालले असेन. धरून चालले असेन असंच म्हणते, कारण आता नक्की आठवत नाही.

पाइप चकाकले, हेही खरं आहे. दारातून आलेल्या फिकट उन्हात ते असे झळकले की मी उकिडवी बसून कौतुकाने बघत राहिले. वरून पाणी ओतलं. तिचं आच्छादन फारच पातळ वाटलं, म्हणून नव्या गादीचं जाड प्लास्टिक होतं ते गाडीभोवती घट्ट गुंडाळलं, दोरी बांधली. थंडी लागू नये म्हणून.

मृणाल परत आली. चहा झाल्यावर मीच म्हणाले, "स्खूरमध्ये जाऊन ये गं जरा." तिच्या मागोमाग गेले, अंगणात थांबले. दोरी सुटल्याचा आवाज आला, प्लास्टिक ओढल्याचा आला. मग काहीच आला नाही. मी दारातून डोकावले. प्लास्टिकच्या आतून पाणी ओघळत होतं. साखळी तांबडी भडक झाली होती, कुंकू सांडल्यासारखी. पाइपवर तपकिरी पुरळ उठलं होतं. कुठे पांढरी भुकटी फुलली होती, भिंतीला लोणा लागतो तशी.

"आई, हे कोणी केलं?"

"मीच. चांगली घासली होती गं. अशी नव्हती तेव्हा, लखलखत होती."

"कशाने घासली?"

"चिंच-मिठाने."

ती खाली पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "मिठाने गाडीचं काय होतं ते तुम्हाला नितीनने सांगितलं होतं, आई. माझ्यासमोर सांगितलं होतं. तुम्हाला माझं गाडी चालवणं आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण तसं मला सांगायचं होतं. मला."

चार बायकांत दोन विनोद करणारं ते तोंड तेव्हा कुठे गेलं होतं कोण जाणे.

नितीन आला तेव्हा त्याने माझी बाजू घेतली. "अगं मृणाल, आईला काय कळतंय त्यातलं? चौथी शिकलेली बाई. तिने पितळ समजून घासली."

आणि इथे मी एक गोष्ट शिकले. मला दुष्ट समजलेलं जितकं लागलं त्याहून हे जास्त लागलं. मृणालने निदान मला डोकं आहे असं धरलं होतं. माझ्या मुलाने तेही ठेवलं नाही. मी दोघांच्या मध्ये उभी होते, एकीच्या नजरेत कपटी आणि एकाच्या नजरेत अडाणी, आणि यातलं कोणतं निवडावं ते मला ठरवता येईना.

कारण तो मला अडाणी म्हणाला, पण लोखंड मला कळतं. जन्मभर कळतंय. तवा कधी ओला ठेवला नाही. विळी चिरून झाली की पुसून पात्याला तेलाचं बोट. पावसाळ्याआधी कोयता, खुरपी, कुदळ, सगळ्यांना तेल. बिडाच्या तव्याला कोणी चिंच-मीठ लावलं असतं तर मी तिचा हात धरला असता. मग या गाडीत मला लोखंड का दिसलं नाही? याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. मी त्या गाडीकडे कधी बघितलंच नव्हतं, हे एक उत्तर. तिरस्काराने तोंड फिरवलेल्या वस्तूत लोखंड आहे की पितळ, कसं दिसणार? दुसरं उत्तर मला लिहायला जड जातं. घासताना हात जरा जास्त जोराने चालत होता. भांडी घासताना चालतो त्याहून जास्त. तो जोर मायेचा होता की आणखी कशाचा, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

गाडी दुरुस्तीला गेली. मृणाल परत आली ती गालातल्या गालात हसत, पण माझ्याकडे न बघता. नितीनला म्हणाली, "मेकॅनिकने विचारलं, गाडी समुद्रात पडली होती का."

नितीन खो खो हसला. मी वर जाऊन चादरींच्या घड्या घालत बसले. आधी घातलेल्याच होत्या, मोडून पुन्हा घातल्या.

जेवताना मी विचारलं, "किती झाले?"

"तू कशाला विचारतेस ते?" नितीन म्हणाला.

मृणालने मात्र सांगितलं. "साडेसहाशे युरो."

मी मनात रुपये केले आणि घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मी भरून देईन."

"तू?" नितीनला पुन्हा हसू फुटलं. "काय, कुरडया विकून?"

मृणाल हसली नाही. तिने भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "सवडीने द्या, आई," म्हणाली.

त्या दोन शब्दांचा मी किती विचार केला आहे. ती "राहू द्या" म्हणाली असती तर मी तिच्या घरातली एक अडाणी म्हातारी होऊन राहिले असते, जिच्याकडून काही घ्यायचं नसतं. ती अजून रागात होती, हे दिसत होतं. पण रागात का होईना, तिने मला देणं लागणारं माणूस ठरवलं.

त्यानंतर माझी जायची वेळ येईपर्यंत मी रोज संध्याकाळी स्खूरच्या दारात जाऊन उभी राहायची. पहिले काही दिवस ती काही बोलली नाही. मग एकदा मागे न बघता म्हणाली, "बादली धरा." मी धरली. पाण्यात हात गेला आणि कळ मस्तकात गेली. "एवढं गार?"

"गारच लागतं. गरम पाण्याने मीठ आणखी चावतं. आणि साबण हा नाही, भांड्यांचा साबण सगळं तेल काढून टाकतो. हे तेल राहू द्यायचं असतं, आई. दिसायला घाण दिसतं, पण तेच तिला वाचवतं."

"तव्यासारखं," मी म्हणाले.

"हो. तव्यासारखं."

मग हळूहळू ती बोलायला लागली. गाडीकडे बघत बोलायची, माझ्याकडे नाही. मलाही तेच सोयीचं होतं. प्लास्टिक का नको ते सांगितलं: आत दमट राहतं, गाडीला वारा लागायला हवा. साखळीच्या कड्यांत मीठ कसं लपून बसतं ते बोटाने दाखवलं. एकदा मी धीर करून विचारलं, "कारने का जात नाहीस? ऊब असते."

"कारमध्ये फोन वाजतो," ती म्हणाली. "ऑफिसचा, घरचा, सगळ्यांचा. हेल्मेट घातलं की कोणी माझ्याशी बोलू शकत नाही. घरापासून ऑफिसपर्यंत मी कोणाचीच कोणी नसते. तेवढंच आहे माझं."

मला आमच्या ओढ्यावरचा दगड आठवला. नवी सून असताना मी उजाडायच्या आत धुणं घेऊन जायची, सगळ्यांच्या आधी. सासूला वाटायचं, केवढी कामसू. मला तिथे फक्त गप्प बसायला मिळायचं. पाण्याचा आवाज, पायाला गारवा, आणि "सूनबाई" म्हणून हाक मारायला कोणी नाही. ते मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मृणालला सांगावं असं ओठावर आलं. सांगितलं नाही. बादली धरून उभी राहिले.

गावी परतल्यावर उन्हाळा लागला आणि मी गहू भिजत घातले. कुरडया, पापड, शेवया. आधी घरापुरतं करत होते, आता विकायला केलं. गच्चीवर चीक घालताना हात भाजायचे आणि मला आत कुठेतरी बरं वाटायचं. बायका विचारायच्या, "मुलगा परदेशात, आणि तुम्हाला काय कमी पडलं हो?" मी "हो, नाही" करून वेळ मारून न्यायची. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. जमतील तसे पैसे मृणालच्या तिकडच्या खात्यात भरत गेले. बँकेतला मुलगा चलन भरून द्यायचा, मी सही करायची. दर वेळी मृणालचा फोनवर एकच शब्द यायचा. "मिळाले." त्याला जोडून ना आभार, ना "कशाला". नितीनने एकदा वैतागून फोन केला, "आई, हा काय वेडेपणा? लोक मला काय म्हणतील?" मी म्हणाले, "लोकांना सांगूच नकोस."

यंदा पुन्हा संक्रांत इथे आली. पुन्हा त्याच बायका, तेच कोट, तोच वास. मी मुद्दाम स्वयंपाकघरात काम काढून बसले होते, पण रेवतीने ओढून बाहेर आणलं. "काकू आल्या! अहो, तुमचा तो मंगळसूत्राचा विनोद मी किती जणींना सांगितला असेल! सांगा ना पुन्हा, या नवीन आहेत, यांनी ऐकला नाही."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मृणाल समोरच वाणाच्या पिशव्या लावत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण पिशवी पुन्हा पुन्हा तीच सरळ करत होती. मला वाटलं, नेहमीसारखं "हो, नाही" म्हणावं आणि आत जावं. चेहरा पेटला होता, पदराने कपाळ पुसलं.

"तो विनोद नव्हता," मी म्हणाले. "मी वाईट बोलले होते. गाडी चांगली आहे. आणि मृणाल ती फार जपून चालवते."

कोणी हसलं नाही. कोणीतरी खोकलं. रेवती "अगं बाई" एवढंच म्हणाली आणि मग ताटातल्या हलव्याचं कौतुक करायला लागली, फारच कौतुक. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि नळ न सोडताच सिंकजवळ उभी राहिले. बरं वाटलं असं म्हणवत नाही. उलट आणखी लाज वाटली, की एवढंसं वाक्य बोलायला मला दोन हिवाळे लागले, आणि तेही रेवतीने खेचून बाहेर काढलं म्हणून.

मृणाल त्यावर काही बोलली नाही, बायका गेल्यावरही नाही. पण आज मिठाची गाडी येऊन गेली तरी रस्ता कोरडा होता म्हणून ती मोटरसायकलने गेली, आणि संध्याकाळी परतल्यावर दारातूनच म्हणाली, "आई, माझी एक मीटिंग आहे आता. तुम्ही धुऊन ठेवाल का?"

मी एकटी स्खूरमध्ये गेले. गार पाणी, मऊ कापड. कड्यांच्या फटीतून पांढरं पाणी निघत राहिलं, ते स्वच्छ येईपर्यंत ओतत राहिले. पुसली. तेलाचा फवारा मारला आणि हात आवरून धरला, पुसायचा नाही. बोटं लाल होऊन सुजल्यासारखी झाली. गाडी मळकट दिसत होती, आणि मला ती तशीच बरी दिसली.

आता जेवणं झाली आहेत, म्हणून शेवटचं लिहून टाकते. पुण्याहून निघताना मी उरलेले पैसे युरोत बदलून आणले होते. इतके दिवस बॅगेत होते, द्यायची वेळ साधत नव्हती. आज ताटं उचलली आणि मी पाकीट मृणालपुढे ठेवलं.

नितीन म्हणाला, "आता हे काय? मृणाल, घेऊ नकोस हं. काय चाललंय काय तुमच्या दोघींचं?"

"आमचा व्यवहार आहे," मृणाल म्हणाली. "तू भांडी लाव मशीनमध्ये."

तिने पाकीट उघडलं. नोटा टेबलावर मांडल्या, एकेक बोटाखाली दाबून मोजल्या. मीही मनात तिच्याबरोबर मोजत होते, जणू कमीच भरणार. तिने पुन्हा मोजल्या, मग एक नोट वेगळी काढून माझ्याकडे सरकवली.

"आई, दीडशे राहिले होते. हे वीस जास्त आहेत."

"राहू दे गं. भाव वरखाली होतो, म्हणून घातले."

"नाही," ती म्हणाली. "जास्तीचे घेतले तर मीच तुमची देणेकरी होईन." आणि माझ्याकडे बघून हसली. संक्रांतीला हसली होती तशी नाही.

मी वीसची नोट परत घेतली. बाकीच्या तिने तिच्या पर्समध्ये ठेवल्या आणि चेन लावली. साडेसहाशे पूर्ण फिटले.